मायचे खालचे चार दात

सोमवार, ३ नोव्हेंबर. सौंदड.

दिवाळीला घरी आले त्या दिवशी इथे लिहिलं होतं : "मायला कसलंही व्यसन नाही." चूक आहे. माय गुडाखू घासते. मला आठवतं त्याच्याही आधीपासून.

ते वाक्य खोडत नाही. खोडलं तर चुकलं कसं तेही जाईल. डेंटल कॉलेजच्या ओपीडीत आमच्या भागातली बाई आली की मी "तंबाखू खाता का" एवढ्यावर कधी थांबत नाही. "गुडाखू घासता का" हे वेगळं विचारते. कारण तंबाखू विचारली की त्या अगदी खरेपणानं "नाही जी" म्हणतात. तंबाखू खायची असते, गुडाखू घासायची. त्यातही तंबाखूच असते हे ज्युनियर मुलींना मीच शिकवलं. आणि मायबद्दल लिहिताना हात सरळ "नाही" लिहून गेला. आमच्या घरात त्याला दात घासणंच म्हणतात. सकाळी डबीतला काळा लेप बोटावर घेऊन मागच्या ओट्यावर बसते, बराच वेळ. दुपारी पुन्हा. बाबा गेल्यापासून संध्याकाळीही, आणि मधे मधेही.

खालचे समोरचे चार दात हलतात. मधल्या दोघांच्या बुडाशी हिरडी दाबली की पू येतो. काढून आणलेल्या एक्स-रेत हाड बरंच खाली गेलेलं. माय म्हणते, काढून टाक, कवळी लाव. मला ते वाचवायचे आहेत. आधी खोल सफाई, मग हिरडी उघडून आतून साफ करणं, तारेनं बांधणं. जमू शकतं. गुडाखू बंद झाली तरच.

मंगळवार, ४ नोव्हें.

प्रबंधाचं तिसरं प्रकरण. दोन पानं झाली. रस्त्यापलीकडे धानाची मळणी चालू, तनसाची धूळ टेबलापर्यंत येते. दोनदा लॅपटॉप पुसला. माय दुपारी जेवली नाही. "भूक नाही." झाकून ठेवलेलं ताट संध्याकाळी गाईला गेलं.

गुरुवार, ६ नोव्हें.

माय सुपात तांदूळ पाखडत होती. शेजारची शांताकाकी मदतीला. मायनं विचारलं, "कायचं पुस्तक लिहून राहिली तू इतक्या दिवसाचं?"

सांगितलं. पेशीला बाहेरून खायला मिळेनासं झालं की ती आपल्याच आतलं मोडकंतोडकं पिशवीत गोळा करते, विरघळवते, आणि त्यातलं कामाचं पुन्हा वापरते. त्याला ऑटोफॅजी म्हणतात. हिरडीच्या पेशीही करतात. हिरडी आजारी पडली की या कामाचं काय होतं ते मी बघते.

"म्हंजे घरातलं भंगार मोडून चूल पेटवते."

"चूल पेटवते आणि उरलेल्यातून नवा पाटही करते."

"हुशार हाये." थोडा वेळ सूप चाललं. मग, "उपाशी राहिली का करते?"

"मुख्यतः तेव्हाच."

"मंग ऐक. गुडाखूनं भूक मरते. धानाच्या रोवणीत सगळ्या बाया त्याच्यावरच दुपार काढतेत. म्हंजे पेशी उपाशी. म्हंजे आपलं आपण साफ करत असन. मंग तू बंद काऊन कराले सांगून राहिली?"

शांताकाकीनं हातातले खडे फेकले आणि हसत सुटली. "आता दे उत्तर, डाक्टरीन बाई."



पहिली-दुसरी मी शाळेत केलीच नाही. शाळेत तोंड उघडायची नाही म्हणून मास्तरांनी घरी पाठवलं, मग मायनं घरातच शिकवलं. तिची रीत हीच होती. मी सांगितलेलं माझ्यावरच उलटवून बघायची आणि वाट बघत बसायची. आजही बघितली. मग सूप झटकून उठली.

शुक्रवार, ७ नोव्हें.

भूक मरणं आणि उपाशी असणं वेगळं. हे उत्तर सकाळी सुचलं. पण माय खरोखरच जेवत नाही, म्हणजे तेही पुरेसं नाही.

शिवाय काचेच्या बशीत वाढवलेल्या हिरडीच्या पेशींवर निकोटीन टाकलं की ऑटोफॅजीच्या खुणा वाढतात, हे मीच दुसऱ्या प्रकरणात लिहिलं आहे. इतरांचं वाचून, पण लिहिलं आहे. म्हणजे माय अगदीच चुकलेली नाही. हे तिला सांगायचं का. सांगितलं तर ती घासत राहील. न सांगता "बंद कर" म्हटलं तर...

दुपारी स्वयंपाक मी केला. मीठ राहिलं. दोघींनाही कळलं नाही, शांताकाकीनं चव घेऊन सांगितलं.

शनिवार, ८ नोव्हें.

मॅडमना फोन केला. (माझ्या गाइड. सुट्टीतही फोन उचलतात.) मायचं नाव न घेता निकोटीनचा प्रश्न विचारला. त्यांनी उलट विचारलं, "तुझ्या स्लाइडमध्ये काय दिसतं?"

"आजारी हिरडीत ऑटोफॅजी वाढलेली दिसते."

"ते तुझं मत झालं. दिसतं काय?"

"खुणेचा तपकिरी रंग जास्त दिसतो."

"मग तेवढंच म्हण. हे बघ, एखाद्या घरासमोर कचऱ्याच्या पिशव्या जास्त दिसल्या. घर जास्त झाडलं जातंय, की घंटागाडीच आली नाही? एका फोटोवरून सांगशील?"

"नाही."

"आणि काही जंतू तर त्याच पिशवीत शिरून मजेत राहतात, विरघळायच्या आधीच. मग पिशव्या वाढल्या याचा आनंद मानायचा का?"

तिसऱ्या प्रकरणात "वाढ" हा शब्द जागोजागी आहे. दिवसभर बदलत बसले. "रंग अधिक गडद आढळला. काम वाढलं की मधेच अडलं, हे या पद्धतीनं सांगता येत नाही." वाक्य लांब झालं. खरं आहे.

संध्याकाळी मायला तसंच सांगितलं. गुडाखूनं पिशव्या भरतात हे माहीत आहे. त्या रिकाम्या होतात का ते मला माहीत नाही. हाड झिजतं, हिरडी सुटते, हे मात्र रोज बघते.

"म्हंजे पिशवीचं तुले माहीत नाही."

"नाही."

"असं सांग नं मंग." तिला हे आवडलं असावं. उद्या सफाईसाठी गोंदियाला यायला तयार झाली.

रविवार, ९ नोव्हें.

सकाळच्या गाडीनं गोंदिया. कॉलेजमधली माझी सीनियर नीताताई, तिचं क्लिनिक मुर्री रोडला. रविवारी बंद असतं, तिनं खुर्ची मला दिली आणि शेजारी उभी राहिली.

बधिर करायची सुई मीच दिली. माय मधेच म्हणाली, "ओठ कुठं गेला वं माहा?" तिच्या हातात आरसा दिला. ओठ जागेवर आहे हे बघून पुन्हा तोंड उघडलं. मुळांवरचं कीटण काळं, घट्ट, हिरडीच्या पार खालपर्यंत. तासाभरानं मान भरून आली. माझा हात कुठेही चुकला नाही. कॉलेजात नेहमी घाम फुटतो, आज फुटला नाही. परक्याच्या तोंडात काम केल्यासारखं झालं.

नीताताई हात धुताना हळू म्हणाली, "मधल्या दोघांचं काकूंना एवढ्यात काही कबूल करू नको."

स्टेशनला परत जाताना माय एका दुकानापुढे थांबली. दुकानदारानं न विचारताच लाल डबी काढली. मी म्हटलं, आज तरी नको. तो मला म्हणाला, "दीदी, ये तो मंजन है. तंबाकू थोड़ी है."

माय त्याला म्हणाली, "माही पोरगी दाताची डाक्टर हाये. तिले शिकवू नोको." आणि डबी घेतली.

गाडीत चहा घेतला. तिचा ओठ अजून सुन्न होता, चहा हनुवटीवरून ओघळला. रुमालानं पुसला. राग यायला हवा होता.

मंगळवार, ११ नोव्हें.

मायनं सकाळी डबी माझ्या टेबलावर आणून ठेवली. लॅपटॉपच्या बाजूला.

"ठेव तुह्याजवळ. दोन दिवसापासून तू नुसती पाहून राहिली माह्याकडं. बोट तोंडात जात नाही."

"किती दिवस?"

"तुह्या बाबाची वरसी होईपर्यंत. मंग पाहू."

बाबांचं वर्षश्राद्ध ३ डिसेंबरला. डबी कपाटात, माझ्या कपड्यांखाली. मऊ ब्रश दिला, कसा धरायचा ते दाखवलं. ब्रश तिनं पेन्सिलीसारखा धरला.

गुरुवार, १३ नोव्हें.

मायचं डोकं दुखतं. पोट साफ नाही. भांडी आपटते. शांताकाकीला नको ते बोलली. काकी जाताना मला म्हणाली, "तुही माय सासू झाली वं आमची." तरी दुपारी परत आली, पेरू घेऊन.

रात्री दहाच्या सुमारास मायनं स्वतः भात मागितला. वांग्याची भाजी, भात. मग पुन्हा ताट पुढे केलं. बाबा गेल्यापासून तिला दुसऱ्यांदा भात घेताना पाहिलं नव्हतं. मी वाढला. "पाहून काय राहिली, वरण घाल," म्हणाली. घातलं.

शनिवार, १५ नोव्हें.

प्रकरण तीन मॅडमना पाठवलं. माय जेवते. बाकी काही नाही.

मंगळवार, १८ नोव्हें.

सकाळी ओट्यावरून हाक. ब्रश पांढरा होता, आता गुलाबी. चूळ लाल.

"हे पाय. घासत होती तवा एक थेंब नव्हता. बंद केली तं रक्त."

समजावलं. गुडाखूमुळे हिरडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आवळून राहतात. सूज आत असते, पण रक्त बाहेर येत नाही. हिरडी बरी दिसते, बरी नसते. आता आवळलेलं सुटलं म्हणून दिसतंय. काही आठवड्यांनी कमी होईल.

बोलताना मला माझाच आवाज ओपीडीतला वाटला. मायनं माझ्याकडे पाहिलं ते ओपीडीतल्या बायका पाहतात तसं. मान हलवायची, आणि आपल्याला जे दिसलं तेच धरून घरी जायचं.

"होय जी," म्हणाली. मला. जी.

गुरुवार, २० नोव्हें.

कपाटातली डबी जागच्या जागी आहे. पण दुपारी माय गोठ्यामागे उभी, बोट तोंडात. शांताकाकीची डबी. लपली नाही. थुंकून तोंड धुतलं आणि मग बोलली.

"घासली. खोटं बोलू काय?"

मी डबीकडे पाहिलं.

"बोल नं. डोकं फुटून राहिलं होतं. घर खायला उठते. तुले तुहं पुस्तक हाये दिवसभर, मले काय हाये?" मग जरा थांबून, हळू, "तू माहे दात वाचवून राहिली का पुस्तकाचे?"

 आणि ती आत गेली.

शुक्रवार, २१ नोव्हें.

कालच्या प्रश्नाचं उत्तर स्वतःपुरतं तरी नीट लिहायला हवं.

अभ्यासासाठी आजारी हिरडीचे तुकडे लागतात. ऑपरेशनमध्ये जे कापून टाकावंच लागतं त्यातलाच लहानसा. एक तुकडा मला अजून कमी आहे. मायची हिरडी उघडायची ठरवली तेव्हा हे माझ्या मनात आलं होतं का? आलं होतं. आधी आलं की नंतर, ते आठवत नाही. पहिल्या दिवशी एक्स-रे बघताना "वाचवता येतील" असं मी मोठ्यानं म्हटलं होतं. एक्स-रे पाकिटातून पुन्हा बाहेर काढून उजेडात धरला. बाजूच्या दोघांचं म्हणता येईल. मधल्या दोघांना मुळाच्या टोकाशीच काय ते हाड आहे. दुसऱ्या कुणाचा असता तर मी असं म्हटलं असतं का?

नसतं.

शनिवार, २२ नोव्हें.

मायला तुकड्याचं सांगितलं. आलं होतं मनात, म्हटलं.

ती लसूण सोलत होती. "मंग घे नं. फेकूनच देशील तू."

"घेता येत नाही. तंबाखूवाल्यांची हिरडी माझ्या अभ्यासात चालत नाही. आणि तू माझी माय आहेस, तेही चालत नाही."

"गुडाखू म्हन. तंबाखू नोको म्हनू." लसणाच्या पाकळ्या माझ्याकडे सरकवल्या. "सोल."

सोलल्या. परवाचा प्रश्न तिनं पुन्हा काढला नाही.

सोमवार, २४ नोव्हें.

खिडकीजवळ बसवून टॉर्चनं तपासलं. बाजूच्या दोन दातांभोवतीची सूज उतरली आहे. हलतात, पण आधीपेक्षा कमी. मधले दोन तसेच. बोटानं वरून दाबलं की खाली जातात आणि परत वर येतात. अशा दाताखाली धरून ठेवायला काही उरलेलं नसतं. पू आहेच. सफाईला थोडेच दिवस झाले आहेत, आणखी थांबून बघायची पद्धत आहे. थांबून मधल्या दोघांचं काही बदलणार नाही हे मला कळतं.

मॅडमना फोन. या वेळी सांगितलं की पेशंट माझी माय आहे. त्यांनी विचारलं,

"गुडाखू चालू असताना दुसऱ्या कुणाची हिरडी उघडली असतीस?"

"नाही."

"का?"

"जखम नीट भरत नाही. केलेलं टिकत नाही."

"मग?"

मी विचारलं, पिशव्यांचं ते काम नीट चालू करून देणारं औषध हिरडीत घालता आलं तर. त्या म्हणाल्या, "बशीत आणि उंदरात बघतायत लोक. कुठे वाढवून फायदा होतो, कुठे थांबवून. तू ते चौथ्या प्रकरणात लिही. आईच्या तोंडात घालायला आज काही नाही."

प्रकरण चारची पहिली ओळ लिहिली. नंतर काही सुचलं नाही.

शनिवार, २९ नोव्हें.

मायला सांगितलं. सांगायला इतके दिवस लागले. गोठ्यात, ती शेण भरत असताना. समोर बसवून जमलं नसतं.

मधले दोन जातील. बाजूचे दोन राहू शकतात. हिरडी उघडायची नाही. गुडाखू सोडली आणि दर तीन महिन्यांनी सफाई केली तर काही वर्षं.

"आणि नाही सोडली तं?"

"तर तेही जातील."

"मंग चारही एकाच टायमाले काढ. कायले दोनदोनदा सुई टोचतं?"

"जे राहू शकतात ते मी काढणार नाही."

"मी सांगतो तरी?"

"तरी."

मी टोपलं उचलून देताना तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं. "तूच काढशील? का ते नीता?"

"तू म्हणशील ती."

"तूच काढ. ते नीता गोड बोलते. मले मंग रडाले येते."

बुधवार, ३ डिसेंबर.

बाबांचं वर्षश्राद्ध झालं. नागपूरचे काका आले होते, दुपारच्या गाडीनं गेले. माय वडा मागच्या दातांनी, मान वाकडी करून खात होती. काका म्हणाले, दात दुखतो काय वैनी? ती म्हणाली, "पोरगी पाहून राहिली."

सगळे गेल्यावर कपाटातली डबी काढून तिच्यासमोर ठेवली. मुदत संपली होती, माझ्याकडे ठेवायचा मला अधिकार नाही. तिनं झाकण उघडलं. वास घेतला. झाकण लावून पदराखाली ठेवली. घासली का ते मी बघायला गेले नाही. संध्याकाळी तिनं भात मागून घेतला, दोनदा. त्यावरून काही म्हणता येत नाही.

नीताताईशी बोलणं झालं आहे. येत्या रविवारी सकाळी खुर्ची मोकळी आहे. मायनं पांढरं पातळ धुवून वाळत घातलंय, गोंदियाला जायला. किती काढायचे, तर ती अजून "चारही" म्हणते. मी अजून "दोन" म्हणते.

रविवार, ७ डिसेंबर. पहिल्या गाडीनं. मधले दोन मी काढणार.